दुनळी जमा केली तेव्हा

आमच्या माजी सैनिक मंडळानं जालन्याला कलेक्टर कचेरीत जे निवेदन दिलं होतं, त्याचा मजकूर माझा होता. बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण करायचं तर डॉक्टरचा दाखला लागतो, शरीराचा आणि मनाचाही. माझं म्हणणं, हा आमचा अपमान आहे. 'ज्या देशानं वीस वर्षं आमच्या हाती रायफल दिली, तो आता आमचं डोकं तपासणार काय?' हे वाक्य मी स्वतः लिहिलं होतं आणि कचेरीच्या पायऱ्यांवर उभं राहून मोठ्यानं वाचूनही दाखवलं होतं. टाळ्या पडल्या. आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ सुभेदार साहेबांनी पाठ थोपटली. मी छाती फुगवून घरी आलो आणि बायकोला सगळं रंगवून सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "तपासलं तर काय झिजतं का डोकं?" एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

मला राग आला. मला तेव्हा कशाचाही राग यायचा. खरं तर माझं डोकं त्या वेळी खरोखर तपासायला झालं होतं आणि हे घरात एका माणसाला पक्कं ठाऊक होतं. आता हे आठवलं की हसू येतं. मला हसता येतं, यात दुसऱ्यांचाच वाटा मोठा आहे. त्यांचे उपकार फेडता येतील असं वाटत नाही, निदान लिहून तरी ठेवावेत.

मी पायदळात होतो. हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि परतूरच्या बाजूला आमच्या गावी येऊन राहिलो. थोडी जमीन आहे, कापूस आणि तूर होते. मुलीचं लग्न झालं, ती नांदेडला असते. घरात आम्ही दोघंच. फौजेतून आलेल्या माणसाला आमच्याकडं एकच काम ठरलेलं, ते म्हणजे बँकेच्या दारात गनमॅन. त्याला बंदूक स्वतःची लागते. मी परवाना काढला, बारा बोअरची दुनळी घेतली आणि तालुक्याच्या गावी एका बँकेच्या दारात उभा राहू लागलो. म्हाताऱ्या बायका पेन्शन काढायला यायच्या आणि मलाच अंगठा कुठं लावायचा ते विचारायच्या. मला ते काम आवडायचं.

बंदुकीचं म्हणाल तर तिचा मला गर्व होता. कचेरीतला कारकून म्हणायचा, परवाना ही सरकारची मेहेरबानी असते, हक्क नसतो. मी त्याला ऐकवायचो की मेहेरबानी बाकीच्यांवर, आम्ही हक्क कमावलाय. गावात कोणाच्या घरी कार्य असलं की फौजीला पुढं बसवा म्हणायचे. मी बिनाबंदुकीचा जरी गेलो तरी लोकांना ती माझ्या खांद्यावर दिसायची. मलाही दिसायची.

फौजेतली शेवटची काही वर्षं माझं काम रस्ता उघडण्याचं होतं. गाड्यांचा ताफा निघायच्या आधी आम्ही पायी जाऊन रस्ता तपासायचो. रस्त्याखालून पाणी जायला ज्या मोऱ्या असतात, त्यातली प्रत्येक मोरी वाकून बघायची, आत कोणी सुरुंग पेरलाय का. मी आणि माझा जोडीदार, परभणीकडचा पोरगा, दोघं मिळून हे करायचो. एक दिवस मला ताप होता. तो म्हणाला, पडून राहा, माझ्या बाजूबरोबर तुझीही बाजू मी बघतो. त्या दिवशी एका मोरीत होतं.

मी सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या घरी जाऊन आलो. त्याच्या आईनं मला पोटभर जेवू घातलं आणि एका शब्दानं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

निवृत्तीनंतर चार वर्षं काही झालं नाही. मग एकदा बँकेत जाताना मी एका मोरीपाशी मोटारसायकल थांबवली, उतरलो आणि खाली वाकून बघितलं. काही नव्हतं. काही नसणार हे मलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी दोन मोऱ्या बघितल्या. महिनाभरात गावापासून बँकेपर्यंतच्या सातही मोऱ्या बघितल्याशिवाय मला पुढं जाता येईना. रोज सकाळी सात वेळा उतरायचं, वाकायचं, पुन्हा किक मारायची. रस्त्यानं जाणाऱ्या गावकऱ्यांनी आपापला अर्थ लावला. "फौजीला शुगर झाली वाटतं. घडीघडी उतरून राह्यला." शेजारच्या काकांनी जांभळाच्या बियांची पूड करून आणून दिली, सकाळी उपाशीपोटी एक चमचा घ्या म्हणाले. मी ती दीड महिना घेतली. शुगर नाही असं सांगितलं असतं तर मग काय आहे ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा पूड बरी.

बायको मागं बसलेली असली तरी मी थांबायचो. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, काहून थांबले? मी म्हणालो, काही नाही. नंतर तिनं विचारणं सोडलं. उतरून पदर सावरत कडेला उभी राहायची. आणि एक दिवस मी एका बाजूनं वाकलो तर ती रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूनं वाकली. "इकडं काहीच न्हाई," तिनं ओरडून सांगितलं. "एक बेडूक हाय." त्या दिवसापासून आमच्या बाजू वाटलेल्या राहिल्या. तिला काय शोधायचं ते माहीत नव्हतं, मी कधी सांगितलंच नव्हतं. तरी ती नीट बघायची, उगाच बघितल्यासारखं करायची नाही. माझं तिच्यावर प्रेम आहे हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्या रस्त्यावर कळलं. सांगितलं मात्र नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

मोऱ्यांचं एक वेळ चाललं असतं, पण बाकीचंही बिघडत गेलं. झोप गेली. भांडं पडलं की मी अंगावर जायचो. लग्नाच्या मांडवात बसवेना, पाठीमागं माणसं नकोत वाटायचं. जेवणावरची वासना उडाली. मुलीचा फोन आला की मी बायकोकडं द्यायचो. आणि मनात एकच वाक्य फिरत राहायचं की त्या दिवशी ताप यायला नको होता.

दर रविवारी दुपारी बंदूक पुसायची हा माझा नेम. भादव्यातला एक रविवार होता. बायको शेतात मुगाच्या शेंगा तोडायला गेली होती. मी बंदूक पुसली, तेल दिलं, आणि नेहमीप्रमाणे कपाटात ठेवली नाही. काडतुसांचा डबा जवळ ओढला आणि तसाच बसून राहिलो. काय मनात होतं ते लपवत नाही. मला फार दुःख होत होतं असंही नव्हतं. उलट बऱ्याच दिवसांनी डोकं शांत वाटत होतं, आणि आता कळतं की तेच सगळ्यात वाईट होतं. माझ्यामागं बायकोला कुठं त्रास होईल, कुठं होणार नाही याचा विचार शांतपणे करत होतो.

ती लवकर आली. दारात उभी राहिली, माझ्याकडं बघितलं, मांडीवरच्या दुनळीकडं बघितलं. आरडाओरडा केला नाही. आत आली आणि ओटीतल्या सगळ्या शेंगा माझ्यापुढं जमिनीवर ओतल्या.

"हे सोला," ती म्हणाली. "दोन्ही हात लागतात याला. ते खाली ठेवा."

मी खाली ठेवलं. आम्ही दोघं समोरासमोर बसून शेंगा सोलत राहिलो. तिच्या हातातून दाणे इकडंतिकडं उडत होते. मी एकदाही वर बघितलं नाही. शेंगा संपल्या तेव्हा ऊन ओट्यावरून उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी काडतुसांचा डबा जागेवर नव्हता. मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. पुढचे दोन-अडीच महिने मी बँकेच्या दारात रिकामी बंदूक घेऊन उभा होतो. दरोडा पडला असता तर मी दरोडेखोराला अंगठा कुठं लावायचा ते सांगितलं असतं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं सगळं हत्यार-अवजार पुजतात. बायकोनं अंगणात पाट मांडला. विळा, खुरपं, कुऱ्हाड, विळी, शिलाई मशीनची कात्री, सगळ्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मोटारसायकललाही हार घातला. दर वर्षी पाटाच्या मधोमध दुनळी असायची. या वर्षी नव्हती.

"बंदुकीला काहून न्हाई?" मी चढ्या आवाजात विचारलं.

"या साली तिच्या पाया पडायचं न्हाई मला," ती म्हणाली. "पडले तर मागू काय तिला?"

तिनं कुऱ्हाडीवरचं फूल सारखं केलं. मी चप्पल घालून बाहेर निघून गेलो. गावाच्या वेशीपर्यंत गेलो आणि परत आलो, कारण जायला कुठं नव्हतं. बाईनं महिनाभर एकटीनं हे सगळं पोटात ठेवलं होतं आणि वर माझ्याच ओरडण्याला उत्तर देत होती. मला माझी लाज वाटली.

दिवाळीच्या आगेमागे निवडणूक लागली. निवडणूक लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. बँकेच्या गनमॅनला मात्र सूट मिळते, बँक तसं पत्र देते. आजवर प्रत्येक निवडणुकीत ते पत्र दाखवून मी ठाण्यातल्या रांगेच्या बाजूनं ताठ मानेनं निघून यायचो. रांगेतले लोक बघायचे, ते मला बरं वाटायचं.

या वेळी पत्र मिळालं ते मी शर्टाच्या खिशात ठेवलं, बंदूक गवसणीत घातली आणि ठाण्यात जाऊन रांगेत उभा राहिलो. ठरवून गेलो होतो असं म्हणता येणार नाही. बँकेकडं निघालो होतो, गाडी ठाण्याकडं वळली. पुढं चार-पाच बागाईतदार होते, आजोबांच्या काळातल्या बंदुका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून आलेले. टेबलामागं बसलेला जमादार एकेकाचं नाव रजिस्टरात लिहीत होता. मला बघून त्यानं मान वर केली.

"फौजी, तुमी काहून आले? तुमाला सूट ऱ्हाती ना दर टायमाला."

"या टायमाला न्हाई."

"बँकेचं लेटर न्हाई भेटलं?"

"न्हाई."

पत्राचा लखोटा माझ्या खिशातून चार बोटं वर आलेला होता. बँकेचं नाव लाल अक्षरात. जमादारानं लखोट्याकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि रजिस्टरात लिहायला सुरुवात केली. बंदुकीचा नंबर लिहिला. मग विचारलं, "काडतुसं?"

"आठ. घरी हायेत."

"मंग आणा ना सोबत. ती बी जमा करा लागतेत."

"कुठं हायेत ते मला ठाऊक न्हाई."

मागं रांगेत कोणीतरी हसलं. "घ्या! फौजीला सोताची काडतुसं सापडंनात!" जमादार हसला नाही. त्यानं पेन खाली ठेवला.

"घरी कोनाला ठाऊक हाय?"

"बायकोला."

तो उठला. मला आतल्या बाकावर बसवलं, पाणी दिलं, बायकोचा नंबर घेतला आणि तिला फोन केला. काय बोलला ते ऐकू आलं नाही. तासाभरात ती काळीपिवळी जीपनं आली, हातात स्टीलचा डबा. तो शेवयांचा डबा होता. तिनं टेबलावर डबा उघडला आणि शेवयांमध्ये हात घालून एकेक काडतूस बाहेर काढलं. सात निघाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं डबा सगळा टेबलावर उपडा केला, शेवया रजिस्टरावर सांडल्या, आणि तळाशी चिकटलेलं आठवं पडलं. जमादारानं खिशातून रुमाल काढून आठही काडतुसं पुसली, मोजली, नोंद केली. शेवया तिनं पुन्हा डब्यात भरल्या.

"ही बंदूक किती दिवस ऱ्हाईल इथं?" तिनं विचारलं.

"निकाल लागंपर्यंत, ताई."

"मंग निकाल जल्दी लावू नका."

जमादारानं तिच्याकडं बघितलं. "निकाल माझ्या हातात न्हाई," तो म्हणाला. "पण बंदूक न्यायला मालकाची सही लागती. फौजी सोता आले, सही केली, तरच देतो. दुसऱ्या कोनाला बिलकुल न्हाई." मग पावती फाडून ती माझ्या हातात न देता तिच्या हातात दिली. त्या माणसाशी माझी तोवर रामराम करण्याइतकीच ओळख होती. त्यानं कोणाला काही सांगितलं नाही, काडतुसं शेवयांत कशी, हेही विचारलं नाही. मला जर कोणी विचारलं की देवमाणूस म्हणजे काय, तर मी त्या टेबलाकडं बोट दाखवीन.

निकाल लागला. बाकीच्यांनी बंदुका नेल्या. बँक माझ्या मागं लागली, बिनाबंदुकीचा गनमॅन किती दिवस ठेवणार. आणि इथं मी खरं सांगतो, मी ती आणायला तीनदा गेलो. पहिल्यांदा जमादारानं चहा पाजला, तुरीचं कसं काय विचारलं, आणि मी चहा पिऊन परत आलो. दुसऱ्यांदा तो बंदोबस्तावर होता. तिसऱ्यांदा मी तिथं आवाज चढवला. "माझी बंदूक हाय. लायसन माझ्या नावावर हाय. हक्क हाय माझा!"

"बराबर," तो म्हणाला. "हक्क तुमचाच हाय." रजिस्टर उघडून माझ्यापुढं सरकवलं, वर पेन ठेवला. "इथं सही करा. तवर मी ताईला फोन करून सांगतो की फौजी बंदूक घेऊन घरी येऊन राह्यले."

त्यानं खरंच मोबाइल हातात घेतला. मी पेन उचलला. घरी तिचा फोन वाजेल, ती पिठाचे हात पुसून उचलेल आणि मग काय करेल, हे मला दिसलं. मी पेन खाली ठेवला.

"तुमच्या लायसनची मुदत बी सरत आली," जमादार हळू आवाजात म्हणाला. "आधी ते रिन्यू करून या. डॉक्टरचा दाखला घ्या. मंग पाहू."

म्हणजे ज्या दाखल्याविरुद्ध मी निवेदन लिहिलं, तोच आणायला मी जालन्याला सरकारी दवाखान्यात गेलो. बायको सोबत होती. शरीराची तपासणी झाली, त्यात मी ठणठणीत होतो. मग मनाच्या डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टर तरुण बाई होती, माझ्या मुलीच्या वयाची. बाहेर गर्दी खूप होती आणि तिच्यापुढं माझ्यासारखे दाखल्यावाले रोज येत असणार.

"झोप लागते?"

"चांगली."

"भूक?"

"चांगली."

"काही त्रास?"

"न्हाई."

फौजेत महिन्यातून एकदा साहेब सगळ्यांना समोर बसवून विचारायचे, कोणाला काही तक्रार? आणि आम्ही एका आवाजात नाही म्हणायचो. वीस वर्षांची सवय. तोंड आपोआप चालत होतं. डॉक्टरनं शिक्का जवळ ओढला, पेनचं टोपण काढलं. माझ्या शेजारी बायको बसली होती. ती एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर मी तिला खोटं पाडलं असतं, आणि हे तिला माहीत होतं. तिनं नुसता माझ्या शर्टाचा कोपरा धरून ठेवला होता.

"म्याडम," मी म्हणालो, "सही करू नका."

तिनं वर बघितलं.

"माझ्या कागदावर सही करू नका. केली तर ती बंदूक घरी येईल."

पन्नाशीला टेकलेला माणूस मी, त्या लहानशा खोलीत ढसाढसा रडलो. डॉक्टरनं पेनाला टोपण लावलं, उठून दार ओढून घेतलं. बाहेर लोक कुरकुरत होते. ती परत येऊन बसली आणि म्हणाली, "सांगा. घाई नाही." मी मोरीपासून सांगितलं. तापाचं सांगितलं. रविवारचं सांगितलं. बायकोनं मोरीतल्या गोष्टीचा अर्थ तेव्हा पहिल्यांदा ऐकला. इतके दिवस ती काय शोधायला वाकत होती ते तिला त्या खुर्चीवर कळलं.

डॉक्टर म्हणाली, तुम्ही पहिले नाही. हे दुखणं आहे, त्याला औषध आहे, वेळ लागेल. साधीच वाक्यं. पण मी जन्मभर लक्षात ठेवीन. त्या दिवशी गोळ्या सुरू झाल्या, दर महिन्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं, मी चिडून डबी फेकून दिली. बायकोनं गोळ्या वेचून धुळीसकट पुन्हा डबीत भरल्या. नंतर डॉक्टरनं औषध बदललं. उन्हाळ्यापर्यंत झोप यायला लागली. बोलून बोलून तो ताप थोडा थोडा उतरला म्हणायचा. सगळा उतरला असं मी म्हणणार नाही.

परवाना मी स्वतः परत केला. अर्जात कारण लिहायची जागा होती. कारकून चांगला होता, म्हणाला, "वयोमानामुळे असं लिहा, सगळे तेच लिहितात." मी लिहिलं, 'मनाचं दुखणं आहे, उपचार चालू आहेत, घरात बंदूक नको.' त्यानं वाचलं, शिक्का मारला आणि मला बसायला खुर्ची दिली. बंदुकीची कायद्यानं विल्हेवाट लागली. बँकेतलं काम गेलं, त्याचं वाईट वाटलं आणि अजून वाटतं. आमच्या भागातल्या एका मारवाडी शेठजींच्या जिनिंगवर आता मी कापसाच्या गाड्या काट्यावर घेतो. मी बंदूक सोडल्याचं त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ते म्हणाले, "फौजी, कापसाला बंदूक काय करायची? तुम्ही गाड्या रांगेत लावा, तेवढ्यात सगळं आलं."

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि म्हणालो, ते निवेदन मी लिहिलं होतं, चुकीचं होतं. बंदूक ठेवायचा हक्क असावा, नसावा यावर भांडा, मीही भांडेन. पण डोकं तपासण्यात अपमान नाही. सुभेदार साहेब संतापले. फौजी माणसानं असं चारचौघांत बोलू नये म्हणाले आणि उठून गेले. आजही ते माझ्याशी बोलत नाहीत. बैठक सुटल्यावर मी गाडी काढत होतो तेव्हा दोघं जण वेगवेगळे माझ्याजवळ आले आणि इकडंतिकडं बघत विचारलं, त्या डॉक्टर बाई कोणत्या वारी बसतात? मी सांगितलं. एकाला तर घेऊनही गेलो.

परवाना परत केला त्याच्या पुढच्या आठवड्यात बायकोनं सकाळीच पिशवी भरली. "मी पिंपळगावला जाऊन येते," ती म्हणाली. "चार दिवस." पिंपळगाव रेणुकाई तिचं माहेर. भाकरीचं पीठ कुठं आहे, गोळ्या कधी घ्यायच्या, हे तिनं सांगितलं. मी तिला एसटीवर सोडायला गेलो. ती चढली, खिडकीत बसली, शेजारच्या बाईशी बोलायलाही लागली. गाडी निघून गेली.

मी तिथंच उभा राहिलो, कारण तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या रविवारपासून ती माहेरी एकही रात्र राहिली नव्हती. भावाच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा ती पहिल्या गाडीनं गेली आणि शेवटच्या गाडीनं परत आली. आई आजारी होती तेव्हा दिवसाआड तेवढा प्रवास केला, पण मुक्काम केला नाही. बंदूक ठाण्यात गेल्यावरही केला नाही, कारण एक सही केली की ती घरी येणार होती. आणि मी तिला चिडवायचो, तुला माहेर गोड लागत नाही म्हणून! ती हसून घ्यायची. शेतात गेली तरी मध्येच काहीतरी विसरल्याचं निमित्त करून घरी येऊन जायची. माझ्यावर इतका पहारा होता आणि वीस वर्षं पहारे दिलेल्या माणसाला तो दिसला नाही. स्टँडवर लोक बघत होते. मी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले.

घरी आलो. चुलीपाशी बसून दोन भाकरी केल्या, एक करपली. दुपारी पडलो तर झोप लागली. चार दिवस गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. मागं बायकांचा गलका होता, कोणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"अहो, वहिनी जाऊ देऊन न्हाई राह्यली. अजून दोन दिवस ऱ्हाऊ का?"

"ऱ्हाय की," मी म्हणालो. "मी हाय इथं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. काळजी घ्या म्हणायचंही विसरली.